ऑफिसचा निरोप

९ फेब्रुवारी

चि. भावजी,

अनेक आशीर्वाद. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला चिरंजीव लिहिताना मला हसू येतं, पण मी तुमच्या थोरल्या भावाची बायको, तेव्हा मुकाट्याने चालवून घ्या.

तुमच्या वणवा कार्यालयाचं पत्रक मिळालं, सोबतचा छापील तक्ताही मिळाला. तक्ता कसला, परीक्षेचा पेपरच तो! ‘घरात माणसं किती?’ एक. ‘वाहन आहे का?’ नाही. ‘आग आल्यास तुमच्यासोबत कोण असेल?’ इथे मात्र पेन अडकलं. तुमचे दादा गेले त्याला दीड वर्ष झालं, तरी हात सवयीने त्यांचंच नाव लिहायला निघाला होता. शेवटी ‘दीर, नियंत्रण कक्षात’ असं लिहून टाकलं. चुकलं असेल तर खोडा.

बाकी सांगितलेलं सगळं केलंय हो. शिडी लावून छपराच्या पन्हळीतला पाचोळा काढला. घराभोवतीचं गवत कापलं, पाण्याचं पिंप भरून ठेवलं. फोनची तार वाऱ्याने तुटली ती तुटलीच, आणि मोबाईलला डोंगराच्या या अंगाला रेंज नाही. शाळेवरचा भोंगा वारा बरा असेल तर ऐकू येतो. मंगळवारी आणि शुक्रवारी पोस्टमन येतो, तेवढाच जगाशी संबंध.

शेजारचे घड्याळवाले मजेत आहेत. ऐंशी पार केली, कान पूर्ण गेले, पण डोळ्याला भिंग लावून अजून लोकांची घड्याळं उघडून बसतात. त्यांच्या दाराशी मी पाटी टांगलीय, काय सांगायचं ते खडूने लिहायचं. त्यांना भोंगा ऐकू यायचा नाही म्हणून काळजी वाटत होती. मी पाटीवर लिहिलं, ‘माझे दीर आगीच्या ऑफिसात आहेत, ते वेळेवर निरोप देतील.’ तेव्हापासून गडी निर्धास्त. मीही निर्धास्तच. तुम्ही तिथे बसलाय म्हटल्यावर मला रात्री झोप लागते, खोटं कशाला सांगू?

तुमची,
वहिनी

१३ फेब्रुवारी

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि. आपला भरलेला तक्ता पोचला. ‘तुमच्यासोबत कोण असेल’ या रकान्यात रहिवाशाने घरातल्या किंवा शेजारच्या माणसाचं नाव देणं अपेक्षित आहे. तरी मी आपलं उत्तर खोडलेलं नाही.

इकडे कामाचा नुसता रगाडा आहे. कक्षाची भिंतभर नकाशा, त्यावर टाचण्या. दर तासाला वाऱ्याची दिशा आणि हवेतला ओलावा लिहून काढायचा. वायरलेस सतत खरखरत असतो. टेबलावरचा चहा गार होतो तरी उचलायला सवड नसते. आपल्या डोंगराची टाचणी माझ्या खुर्चीच्या अगदी समोर आहे.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कार्यालय कार्यालयाचं काम करेलच, पण आमची वाट बघत बसू नये. वरच्या रस्त्यावर सहा घरं, त्यातली चार बंद, आणि रस्ता तुमच्या दारात संपतो. घरटी गाडी पाठवणं कोणत्याच कार्यालयाला शक्य नाही. खालच्या चौकीवर लाल झेंडा दिसला की सकाळी नऊच्या आत गावातल्या शाळेत जाऊन बसावं. धूर दिसो न दिसो.

शेजाऱ्यांनाही हेच सांगावं.

आपला,
भावजी

२७ फेब्रुवारी

चि. भावजी,

घ्या, ऐकलं तुमचं. गेल्या बुधवारी चौकीवर लाल झेंडा लागला. मी पिशवी भरली, कुलूप लावलं आणि दीड तास चालत शाळेत जाऊन बसले. घड्याळवाल्यांना पाटीवर विचारलं तर म्हणाले, “तुमच्या दिरांचा निरोप आलाय का?” मी लिहिलं, नाही, नुसता झेंडा आहे. “मग मी कशाला तंगडतोड करू?” म्हणून परत भिंग लावून बसले.

झेंड्यामुळे पोरांना सुट्टी, त्या शाळेत दिवसभर मी एकटी होते हो! शंभर खुर्च्या आणि मी. शिपाई दोनदा डोकावून गेला, ‘बाई, कोणाला भेटायचंय का?’ म्हणून. काय सांगणार त्याला? जरा वेळाने फळ्यावरचं गणित सोडवलं. संध्याकाळी झेंडा उतरला आणि मी परत वर चढले. आगीचा पत्ता नाही, धुराचा पत्ता नाही. घड्याळवाल्यांनी गॅलरीतून हात हलवला आणि असं काही हसले की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर दोनदा झेंडा लागला. मी कानाला खडा लावला, गेले नाही. इथल्या घरात मी एकटी असते ते वेगळं. इथे निदान भांडी माझी असतात, खिडकी माझी असते. परक्या खुर्च्यांमध्ये एकटं बसणं मला नाही जमायचं. दादा असते तर दोघांनी मिळून हसलो तरी असतो.

तेव्हा आपलं असं ठरलं. झेंडे सगळ्यांसाठी. माझ्यासाठी तुम्ही. ज्या दिवशी तुम्ही ‘निघा’ म्हणाल, त्या दिवशी मी आणि घड्याळवाले निघू. खालच्या दुकानात फोन आहेच, निरोप पाठवा. तुमच्या समोर टाचणी आहे ना आमची?

तुमची,
वहिनी

५ मार्च

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि. आपलं पत्र वाचलं. असं काही ठरलेलं नाही. नातेवाइकांना वेगळी सूचना देण्याची कार्यालयात मनाई आहे. सूचना द्यायची तर सगळ्यांना एकदम. आणि दुकानदार दुपारी दुकान बंद करून झोपतो हे तुम्हीच मागे लिहिलं होतं.

शिवाय मी चोवीस तास टेबलाशी नसतो. सुट्टी असते, पाळ्या बदलतात, कधी दुसऱ्या कामाला जावं लागतं. माझ्यावर विसंबू नका, वहिनी. झेंडा लागला की निघा. दहा वेळा उगाच गेलात तरी चालेल. लोक हसले तर हसू देत.

शाळेत एकटं वाटतं हे मला समजतं. माझंही काही वेगळं नाही. संध्याकाळी खोलीवर आलो की रेडिओ लावतो, बातम्या ऐकायच्या नसल्या तरी. तुमचं पत्र आलं की ते पुरवून पुरवून वाचतो. पण म्हणून तुम्ही माझ्या भरवशावर डोंगरावर बसून राहावं, असा त्याचा अर्थ होत नाही.

झेंडा लागला की निघायचं. कृपा करून ऐका.

आपला,
भावजी

१५ मार्च

चि. भावजी,

किती घाबरता हो! तुमचे दादा म्हणायचे, ‘आमचा धाकटा सावलीला भिऊन छत्री उघडेल.’ नियम नियम काय करताय? नियम मोडून तुम्ही मला सांगणार हे मला पक्कं ठाऊक आहे. लहानपणी दादांना मार बसू नये म्हणून शाळेतली चिठ्ठी तुम्हीच लपवली होती ना?

दोन दिवस कड्यापलीकडे धूर दिसतोय. सकाळी पातळ असतो, दुपारनंतर तांबूस होतो. कपडे वाळत घातले तर त्यावर राख पडते, ते आता आतच वाळवते. चौकीवर झेंडा रोजच आहे, त्यामुळे त्याचं काही वाटेनासं झालंय. पोस्टमन म्हणाला, आग अजून पलीकडच्या खोऱ्यात आहे.

काल घड्याळवाले पहिल्यांदाच स्वतःहून माझ्याकडे आले. घाबरलेत, पण कबूल करत नाहीत. म्हणाले, “तुमचे दीर आहेत म्हणून बरं. माझा पुतण्या पत्रातून सारखा विचारतो, काका, तुमच्याकडे कोण बघतं? मी त्याला कळवलं, आमचा माणूस आहे ऑफिसात.” आमचा माणूस म्हणाले, भावजी! मला इतकं बरं वाटलं. दोघांच्या पिशव्या भरून दाराशी ठेवल्यात. तुमचा निरोप आला की आम्ही निघालोच.

तुमची,
वहिनी

१९ मार्च

वहिनी,

हे पत्र हातात पडेल त्या क्षणी निघा. उभ्या उभ्या वाचा आणि निघा. पुढचं शाळेत बसून वाचलंत तरी चालेल.

मी नियंत्रण कक्षात नाही. गेले अकरा महिने नाही. मागच्या एप्रिलमध्ये नदीकाठच्या वस्तीचा भोंगा मी माझ्या जबाबदारीवर वाजवायला लावला होता. वरिष्ठांना विचारलं नाही, थांबायला वेळ नाही असं वाटलं. चारशे माणसांनी दोन दिवस शाळेत काढले आणि वारा फिरला, आग आलीच नाही. लोक ऑफिसावर चालून आले. मला तळघरातल्या भांडारात टाकलं. तेव्हापासून मी ब्लँकेटं, बॅटऱ्या आणि पाण्याचे पाइप देतो आणि परत घेतो. खिडकी नाही, नकाशा नाही. तुमची टाचणी मी अकरा महिन्यांत बघितलेली नाही.

तुम्हाला सांगायला तोंड नव्हतं. दादा गेल्यावर तुमच्या लेखी मी काहीतरी होतो. तुम्ही लिहायचात, ‘तुम्ही तिथे बसलाय’, आणि ते वाक्य वाचून मी दिवस काढायचो. सोडवत नव्हतं.

आज चहाच्या वेळी कक्षातल्या पोराकडून कळलं ते सांगतो. आग कडा ओलांडेल तेव्हाच वरच्या रस्त्याचा भोंगा वाजणार, आधी नाही. मागच्या वर्षीचा बोभाटा नको म्हणून. कड्यापासून तुमच्या दारापर्यंत आग वाऱ्यासोबत वीस मिनिटांत येते. तुम्हाला खाली उतरायला दीड तास लागतो.

तुमच्यावर लक्ष ठेवणारं इथे कोणी नाही. निघा, वहिनी. घड्याळवाल्यांना घेऊन निघा. दुकानात तीनदा फोन केला, उचलत नाहीत.

भावजी

२५ मार्च
शाळा, खोली क्रमांक चार

भावजी,

मी सुखरूप आहे. तुमचं पत्र शुक्रवारी दहाच्या सुमारास मिळालं. पोस्टमनच्या मोटरसायकलवर मागे बसून खाली आले. भोंगा सव्वा वाजता वाजला. तोवर वरचा रस्ता पेटलेला होता.

घर गेलं. छपराचा पत्रा तेवढा चुरगळून पडलाय म्हणतात. मी अजून बघायला गेले नाही.

घड्याळवाले आले नाहीत. काल दुपारी ते घरातच सापडले.

इथे सगळ्यांना एकेक ब्लँकेट मिळालंय. कोपऱ्यात तुमच्या भांडाराचा शिक्का आहे.

वहिनी

२९ मार्च

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि. आपण सुखरूप आहात हे वाचून तळघरात एकटाच रडलो. घड्याळवाल्यांचं फार वाईट झालं.

परंतु वहिनी, तुम्ही मनाला लावून घेऊ नये. तुम्ही त्यांना चला म्हणालाच असणार. ते आले नाहीत, हा त्यांचा निर्णय. प्राथमिक चौकशीचा कागद परवा आमच्याकडे फायलीला आला, त्यातही हेच आहे. रहिवाशाला पत्रक वेळेत मिळालं होतं, झेंडा लागलेला होता, शेजाऱ्यांनी सांगितलं होतं, भोंगा ठरल्याप्रमाणे वाजला. सबब कार्यालयाकडून कसूर झालेली नाही, घर न सोडण्याची जबाबदारी रहिवाशाची स्वतःची.

भाषा रुक्ष आहे, पण आशय खरा आहे. मी स्वतः वीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो की आपला जीव आपण सांभाळायचा असतो.

माझ्या खोलीला लागून एक खोली रिकामी आहे. पूर्वेची खिडकी आहे. तुमची हरकत नसेल तर झाडून ठेवतो. माझ्या खोटेपणाबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. रागावला असाल तर रागाचं लिहा, पण लिहा.

आपला,
भावजी

३ एप्रिल

भावजी,

तुमचा आशय खरा नाही. शुक्रवारी काय झालं ते सांगते. आजवर कोणाला सांगितलेलं नाही, चौकशीच्या माणसालाही नाही.

तुमचं पत्र मी उभ्या उभ्या वाचलं आणि दारातच पेटून उठले. आगीने नव्हे, तुमच्या खोटेपणाने. पोस्टमन गाडी सुरू करून थांबला होता. म्हणाला, ‘बाई, तुम्हाला सोडतो आणि म्हाताऱ्यांसाठी परत येतो, पाऊण तासात दोघं खाली.’ मी पिशवी उचलून शेजारी गेले. पाटीवर लिहिलं, ‘धूर वाढलाय. मी चालले. तुम्हीही या. पोस्टमन दुसरी फेरी मारेल.’

घड्याळवाल्यांनी वाचलं. मग माझ्या हातातल्या पत्राकडे बघितलं आणि कधी नव्हे ते आशेने विचारलं, “दिरांचं पत्र? आला का ऑफिसचा निरोप?”

भावजी, मी ‘हो’ म्हटलं असतं तर ते उठले असते. ‘माझे दीर ऑफिसात नाहीतच, आपल्याकडे बघणारं कोणी नाही’ असं खरं सांगितलं असतं, तरी उठले असते. खोटं बोलायला मी तयार नव्हते, तुमच्या खोटेपणाने जळत होते ना त्या क्षणी! आणि खरं सांगायची लाज वाटली. वर्षभर ज्याची फुशारकी मारली तो माणूस तळघरात ब्लँकेटं वाटतो, हे त्या परक्या माणसासमोर, पोस्टमनच्या देखत, पाटीवर कसं लिहू? आपल्या घरातलं चव्हाट्यावर कसं मांडू? हा विचार केला मी. धूर डोळ्यांत जात होता आणि मी घराण्याच्या अब्रूचा विचार करत होते.

मी पाटीवर लिहिलं, ‘अजून नाही.’

ते म्हणाले, “मग तुम्ही व्हा पुढे. हे एवढं उघडलेलं बसवतो. निरोप आला की येतोच.” आणि पोस्टमनला हातानेच सांगितलं, दुसरी फेरी नको.

त्या कागदात लिहिलंय ना, शेजाऱ्यांनी सांगितलं होतं म्हणून? हे सांगितलं होतं शेजाऱ्यांनी.

तुमचा राग येतो का विचारलंत. येतो. खोटं बोललात त्याचा कमी येतो. तुमच्या बातमीवर माझा जीव टांगलेला होता आणि तुम्ही पत्र लिहून पेटीत टाकलंत, त्याचा जास्त येतो. बसने तीन तासांचा रस्ता आहे. मंगळवारी कळलं होतं तुम्हाला. तुम्ही स्वतः का नाही आलात हो? तुम्ही दारात उभे राहिला असतात तर मला कोणाला काही सांगायची वेळच आली नसती.

खोली झाडू नका. मी इतक्यात कुठे येणार नाही. पत्रही नको. बोलायचं असेल तर या.

वहिनी

८ एप्रिल

वहिनी,

पत्र नको म्हणालात, तरी हे एक, कारण आधी कळवल्याशिवाय दारात उभं राहायचं धैर्य होत नाही.

त्या मंगळवारी संध्याकाळी मी बसस्टँडवर गेलो होतो. शेवटची गाडी समोर उभी होती. तिकीट काढलं नाही. तुमच्या तोंडावर सांगावं लागलं असतं म्हणून परत फिरलो आणि येताना पत्र टाकलं. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं.

आज चौकशीच्या साहेबांना भेटलो. सगळं सांगितलं. मी तुम्हाला काय लिहीत होतो, तुम्ही शेजाऱ्यांना काय सांगत होता, ते कोणाच्या निरोपासाठी थांबले. पाटीवरचे शब्दही सांगितले, तुमची परवानगी न घेता. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुम्ही त्या दिवशी कक्षात ड्यूटीवर होता का?” म्हटलं, नाही. “मग तुमची जबाबदारी येत नाही. आणि त्या बाईंची तर मुळीच येत नाही, त्या काही कर्मचारी नाहीत. हा तुमच्या घरातला विषय आहे, याला अहवालात जागा नाही.” माझा लेखी जबाब त्यांनी टेबलावरून सरकवून मला परत दिला.

मी बाहेर येऊन जिन्यावर बसलो. वाटलं होतं, कोणीतरी रागावेल, निदान ओरडेल. कोणी ओरडलं नाही.

ऑफिसच्या शिपायाकडून कळलं की घड्याळवाल्यांचा पुतण्या शुक्रवारी शाळेत येतोय, काकांचं जे काय उरलंय ते घ्यायला. त्याच्या हातात ऑफिसचा कागद देतील, त्यात लिहिलेलं असेल की काकांची चूक होती. त्याने तो कागद वाचण्याआधी आपण त्याला भेटलं पाहिजे.

मी शुक्रवारी पहाटेच्या गाडीने निघतो, नऊपर्यंत पोचतो. फाटकाशी थांबा. आधी मी बोलेन. मग तुम्ही बोला. त्यानंतर तो जे म्हणेल ते दोघांनी उभं राहून ऐकून घेऊ.

भावजी